नव्या मोटेचं पाणी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. घरातच कशाला, आमच्या वाडीतही पहिला. हे मी जरा मान वर करूनच सांगतो, कारण मान वर करण्यासारखं आमच्या घरात दुसरं काही नव्हतं. आजा मेंढरांमागं, बाप मेंढरांमागं. मी मात्र हैदराबादेत राहून रसायन शिकलो, तेही उर्दूतून. आम्ल म्हणायच्या आधी माझ्या तोंडात आजही ‘तेजाब’ येतं. शिक्षण संपल्यावर सरकारच्या पाणी तपासायच्या खात्यात लागलो. निजामाचं राज्य होतं. दर उन्हाळ्यात मुलखात कुठं ना कुठं पटकीची साथ उठायची. मग कोणतं पाणी प्यावं आणि कोणतं पिऊ नये हे सांगायला आम्हा दोन-तीन जणांना लाकडी पेटी देऊन गावोगाव धाडायचे.

पुढं सगळी नोकरी मी पाण्यातच काढली. ओढे, नद्या, नळ, कातडी कमावायचे हौद, गिरण्यांच्या मोऱ्या, काही सोडलं नाही. पण ज्या पंधरा दिवसांबद्दल लिहितोय तेव्हा मी नवा होतो आणि नोकरी कच्ची होती. चार महिन्यांनी मी ‘मुस्तकिल’, म्हणजे कायम होणार होतो.

सरकारी कागदावर खुर्दाद महिना लागला होता, गावात वैशाख. केज तालुक्यात, युसूफ वडगावाच्या पलीकडं मांजरा नदीच्या काठावर एक लहान गाव होतं. तिथं हगवणीनं आठवड्यात दोन माणसं गेली. तहसीलदारांचा कागद आला, मी पेटी घेऊन पोचलो.

गावाचा आड चैत्रातच आटला होता. पिण्याचं पाणी दोनच ठिकाणी उरलं होतं. एक नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेला झिरा, आणि दुसरी एका विधवा बाईच्या मळ्यातली विहीर. बाईला सगळा गाव आक्का म्हणायचा. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. नवरा गेल्यावर मळा तिनंच राखला होता. तिच्या विहिरीवर कुणाला मनाई नव्हती. ज्यांना आडाच्या पायरीला हात लावता येत नव्हता तेही मोटेच्या पाटाला घागर लावून पाणी नेत.

मी गेलो तेव्हा मोट चालूच होती. बैल धावेवरून खाली उतरत होते, वर चामड्याची मोट येऊन काठावरच्या दगडी थारोळ्यात भसकन रिकामी होत होती. मला कॉलेजात शिकवलं होतं, माणसं जे पाणी पितात तेच तपासावं. मी थारोळ्यापाशी गेलो, मोट रिकामी होताना बाटली धरली, बूच लावलं. मग झिऱ्यावर जाऊन दुसरी बाटली भरली.

आमची गावातली तपासणी साधी होती. जंतू बघायला बर्फात घालून बाटली हैदराबादेला न्यावी लागे, आणि केजात वैशाखात बर्फ कुठला? म्हणून बाटलीत तेजाब आणि मोजून लाल दवा, म्हणजे परमँगनेट, टाकायची, आणि चार तास वाट बघायची. गुलाबी रंग टिकला तर पाण्यात घाण नाही. रंग उडाला तर पाण्यात काहीतरी कुजकं आहे.

चावडीत पाटावर दोन्ही बाटल्या मांडल्या. गाव दाराशी उभं होतं. झिऱ्याच्या बाटलीतला रंग शेवटपर्यंत तसाच राहिला. आक्काच्या विहिरीच्या पाण्यातला रंग माझ्या डोळ्यांदेखत उडाला. पुन्हा दवा टाकली, पुन्हा उडाला. पाण्याला थोडी पिवळट झाकही होती, तीही मी घाणीचीच खूण धरली. मी लिहून दिलं, मळ्याच्या विहिरीचं पाणी पिण्याच्या लायक नाही, झिऱ्याचं आहे.

आक्काचा दीर दारातच होता. तो मोठ्यानं म्हणाला, “आमी सांगत न्हवताव? बाईच्या हाती हीर दिली की असंच. दोन मानसं खाल्ली तिच्या हिरीनं.”

आक्का माझ्या बाटलीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तहसीलचा माणूस आला. त्यानं मोटेचं चाक उतरवलं, ओढायचा जाड नाडा सोडला, दोन्ही चावडीत ठेवून लाखेची मोहर मारली. मी पेटी आवरून पुढच्या कामाला मांजरसुंब्याला गेलो. खरं सांगतो, जाताना मला बरं वाटत होतं. इतक्या लोकांनी इतक्या मुकाट्यानं माझं ऐकायची ती पहिलीच वेळ.

मांजरसुंब्याच्या मुसाफिरखान्यात पाचव्या दिवशी माझा बाप आला. त्याची मेंढरं जवळच एकाच्या रानात खताला बसवली होती. पोरगा सरकारी माणूस झालाय, कसा राहतो ते बघावं म्हणून आला. घोंगडी टाकून बसला आणि खांद्यावरची पाण्याची छागळ माझ्यापुढं केली. आमच्याकडं पूर्वी पाण्याला वाळलेला भोपळा असायचा. ही चामड्याची छागळ त्यानं यंदाच घेतली होती.

मी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आबा, हे कसलं पाणी? तुरट लागतंय.”

“पानी चांगलं हाय बे. छागळ नवी हाय. चामडं करनाऱ्या ढोरानं तरवडाच्या सालीत कमावलीय. आठ-पंधरा दिस साल उतरतीच पान्यात.”

मी मग उठून पेटी उघडली. छागळीतलं पाणी एका बाटलीत घेतलं, ज्या विहिरीतनं बापानं ती भरली होती तिथलं पाणी लोट्यानं काढून दुसऱ्या बाटलीत. दोन्हीत तेजाब टाकलं, दवा टाकली. बाप उकिडवा बसून बघत होता.

लोट्याच्या पाण्यातला रंग तसाच राहिला. छागळीच्या पाण्यातला उडाला.

“जादू हाय का रं?” बाप म्हणाला.

“जादू नाही. सालीचा अर्कही रंग उडवतो. मी एका बाईची विहीर बंद करून आलोय.”

त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, तंबाखू मळली. मग म्हणाला, “मोट नवी हुती का, इचारलंस का?”

“नाही.”

“कावून न्हाई इचारलंस?”

आमच्याकडं विहीर नव्हती, मोट नव्हती. शेतकऱ्याच्या घरातला असतो तर थारोळ्याशी उभं राहिल्या राहिल्या चामड्याचा वास आला असता. मी मेंढराच्या वासात वाढलेला. आणि शिकलो ते पुस्तकात. पुस्तक लिहिणाऱ्यानंही मोट बघितलेली नसावी.

त्यापेक्षाही एक गोष्ट मला जास्त कुरतडत होती. झिऱ्याचं पाणी वाळूतून गाळून येतं, त्यात कुजकं काही दिसत नाही. पण वर दोनशे पावलांवर उरलेल्या डबक्यात लोक कपडे धुतात, काठावर परसाकडला बसतात. त्यातून पटकी वाळूत उतरली असेल तर माझ्या लाल दवेला ती दिसणारच नाही. मी चांगलं पाणी बंद करून लोकांना त्या झिऱ्यावर धाडलं होतं.

त्याच दुपारी निघालो. दुसऱ्या दिवशी केजात तहसीलदारांपुढं उभा राहिलो. वयस्कर, सभ्य माणूस. माझं बोलणं त्यांनी पान चघळत ऐकलं आणि पेशकार कारकुनाकडून त्या गावचा ताजा कागद मागवला. चार घरांत हगवण लागली होती. एक म्हातारा गेला होता.

तो म्हातारा झिऱ्याच्या पाण्यानं गेला की वयानं, हे मला आजही सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून तो मनातून जातही नाही.

“विहीर आजच उघडा साहेब,” मी म्हणालो.

“उघडू. पण मियाँ, तुम्ही लिहून दिलंय नाकाबिल. आता काबिल कसं लिहिणार? वर तुमच्या खात्याचे मोहतमिम साहेब विचारतील.”

“माझी चूक झाली असं लिहितो.”

ते हसले. रागावले नाहीत, हसले. “किती दिवस झाले नोकरीला? ऐका. लाल दवा डालो कुएँ में, और लिखो के कुआँ साफ किया. विहीर उघडेल, लोक पाणी पितील, तुमची नोकरी पक्की होईल. बात खतम. कुणाचं नुकसान?”

सोपं होतं. दवा माझ्या पेटीतच होती. मी कागद पुढं ओढला, टाकही उचलला. मग मला आक्काचा दीर आठवला. विहीर ‘साफ केली’ असं लिहिलं तर ती आधी घाण होती हे सरकारी कागदावर कायम राहणार. मग ती दोन माणसं विहिरीनंच खाल्ली. मळ्यावर दिराचा डोळा होता हे मला गावात पहिल्याच दिवशी कळलं होतं; पंच बसवून तो मागून घ्यायला त्याला हा एक कागद पुरला असता.

मी लिहिलं: पाणी मोटेतून घेतलं, मोट नव्या चामड्याची असावी, तपासणाऱ्यानं विचारलं नाही, म्हणून तपासणी चुकली. खाली सही केली. तहसीलदारांनी वाचलं, पान थुंकलं, आणि फेरतपासणी ठीक निघाली तर मोहर तोडावी असा हुकूम माझ्या हाती दिला. “कागद वर जाईल,” एवढंच म्हणाले.

गावात पोचलो ते थेट मळ्यात. विहिरीवर चाक नव्हतं, धावेवर बैलांच्या खुरांच्या खुणा वाळून गेल्या होत्या. मिरच्या मान टाकून उभ्या. आक्का आणि तिचा मोट हाकणारा गडी बांधावर बसलेले. मी तांब्याला दोर बांधून विहिरीत सोडला, पाणी काढलं आणि तिथंच बाटल्या मांडल्या.

“आक्का, त्या दिवशी मोट नवी होती?”

“नवीच. तुमी येनार म्हनून त्याच दिशी चढवली. जुनीला समदी ठिगळं. सरकारी मानसापुढं ठिगळाची मोट कशी चालवावी?”

गडी म्हणाला, “नव्या मोटंचं पानी कुनी पीत न्हाई सायेब. आठ-पंधरा दिस नुसतं मळ्याला सोडताव. प्याला समदी दोरानं शेंदून न्हेतेत.”

“मग मला सांगितलं का नाही?”

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच खुळा. “तुमी पेतो म्हनला कुटं? बाटलीत भरतो म्हनला.”

चार तास आम्ही तिघं तिथंच बसून होतो. रंग टिकला. आक्कानं एकदा बाटलीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. “ह्ये गावाला सांगनार का तहसीलीला?”

“दोघांना.”

चावडीत मी सांगितलं. जितकं मोठ्यानं पहिल्या वेळी सांगितलं होतं तितकंच मोठ्यानं सांगितलं, की मी चुकलो, विहीर चांगली आहे, झिऱ्याचं पाणी कुणी पिऊ नका. आजाऱ्यांना उकळून थंड केलेलं पाणी मीठ-गूळ घालून पाजा. मोहर तोडून चाक आणि नाडा आक्काच्या गड्याच्या हवाली केला. मला वाटलं, संपलं.

कुणी हललं नाही.

दीर म्हणाला, “परवा घान, आज चांगली. उद्या काय म्हनताल सायेब?” लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, “आक्कानं जेवू घातलं आसंल.” आणखी हसले. मी तांब्यातलं पाणी तिथंच पिऊन दाखवलं. दीर म्हणाला, “एका घोटानं काय व्हतंय? तुमी उद्या जाताल हैदराबादंला. तितं हागलात का मेलात, आमाला कोन सांगनार?”

तेव्हा आक्का पुढं आली. तिचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. “सायेब, आठ दिस हितंच ऱ्हावा. माज्या हिरीचंच पानी प्या. गावाला बघू द्या.”

मला परवा मोमिनाबादेत हजर व्हायचं होतं. रजा नव्हती. एका माणसाचं पोट म्हणजे तपासणी नव्हे हेही मला ठाऊक होतं. पण गावाला दुसरी तपासणी मान्य नव्हती, आणि माझ्या तपासणीची किंमत त्यांनी बघितली होती. मी म्हणालो, “राहतो.”

ते आठ दिवस कसे गेले ते मीच जाणतो. चावडीच्या ओसरीवर पथारी. सकाळी, दुपारी, संध्याकाळी गावासमोर विहिरीचं पाणी प्यायचं. तिथवर ठीक होतं. पण पहाटे मी टमरेल घेऊन माळाकडं निघालो की दीर आणि त्याचे दोघं-तिघं मागं. अंतर राखून, बोलत-बिलत, पण मागं. परत आलो की दीर पारावर एक खडा मांडायचा. एका दिवसाला एक खडा. एकाच दिवशी दुसरा खडा पडला की आक्काची विहीर गेली, हे कुणी बोललं नव्हतं पण सगळ्यांना कळत होतं.

“सायेबाचं पोट सरकारी हाय,” लोक म्हणायचे. “हुकमाबिगर सुटायचं न्हाई.”

तिसऱ्या दिवशी झिऱ्यावर जाणाऱ्या बायका कमी झाल्या, पण मळ्याकडं कुणी येईना. काही दोन कोसांवरून पाणी आणू लागल्या. भर उन्हात त्या माझ्यासमोरून डोक्यावर घागरी घेऊन जायच्या आणि मी ओसरीवर बसून बघायचो. मोमिनाबादेहून शिपाई आला, का हजर झाला नाहीत म्हणून. मी कागद घेतला आणि त्याला परत धाडलं.

पाचव्या दिवशी घात झाला. आदल्या दिवशी गड्यानं भाकरीबरोबर ओल्या मिरचीचा ठेचा दिला होता, आणि मी हैदराबादेत राहून त्या तिखटाची सवय मोडलेला. पहाटे एकदा जाऊन आलो. पारावर खडा पडला. दिवस हातभर वर आला आणि पोटात पिळा उठला.

दाबून बसलो. पाणी प्यायची वेळ झाली म्हणून मळ्यात गेलो, चालताना पाय एकमेकांत अडकत होते. दीर बांधावर चिलीम ओढत बसला होता. माझ्याकडं बघून त्यानं चिलीम खाली ठेवली. कपाळावर घाम आलेला त्याला दिसला असणार. मी थारोळ्याच्या दगडावर बसलो आणि मनात आकडे मोजू लागलो, उर्दूतून, मराठीतून, मग नुसतेच.

आक्का मिरचीच्या वाफ्यात होती. तिनं मान वर केली, माझं तोंड बघितलं, आणि काही न विचारता ओरडली, “भावजी! तुमचा बैल सुटला की! खालच्या कडब्यात शिरला बगा!”

दीर उठला, शिव्या देत धोतर सावरत खालच्या अंगाला पळाला. बैल सुटलेला नव्हता, हे त्याला कडब्याच्या गंजीपर्यंत जाऊन मग कळलं. तेवढ्यात मी निवडुंगाच्या कुंपणामागं जाऊन आलो. आलो तेव्हा आक्का वाफ्यात वाकलेली होती. तिनं वर बघितलंच नाही.

ते ठेच्यानं झालं होतं. एवढं रसायन मला येत होतं. रात्रीपर्यंत पुन्हा काही झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पण पारावर दुसरा खडा पडायला हवा होता आणि तो पडला नाही, हे मी कुणाला सांगितलं नाही. तहसीलदारांसमोर स्वतःच्या हातानं चूक लिहून देणारा मी, इथं गप्प बसलो. सांगितलं असतं तर कुणी ठेच्याचं ऐकून घेतलं नसतं.

सातव्या दिवशी आजारी घरातली एक बाई घागर घेऊन मळ्यात आली. तिच्या नवऱ्याला उतार पडला होता आणि दोन कोस चालायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ती कुणाकडं न बघता विहिरीवर गेली, दोरानं घागर शेंदली, तशीच परत गेली. आठव्या दिवशी सकाळी पाच-सहा जणी आल्या. दुपारपर्यंत मोजायचं सोडून दिलं. दिरानं पारावरचे खडे पायानं उधळले आणि म्हणाला, “सायेबाचं आतडंच लोखंडी, त्येला हीर तरी काय करनार?” पण संध्याकाळी त्याच्या घरची घागरही आली.

हैदराबादेला गेलो तेव्हा टेबलावर कागद होता. परवानगीवाचून गैरहाजर, शिवाय स्वतःच्या अहवालाविरुद्ध अहवाल. मला आणखी एक वर्ष कच्चंच ठेवलं. मोहतमिम साहेबांनी बोलावून विचारलं, “आठ दिवस त्या गावात काय करत होता?”

“पाणी पीत होतो,” मी म्हणालो.

“आणि काही तकलीफ?”

“काही नाही,” मी म्हणालो. आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.